सगळ्यांची ताई

४ सप्टेंबर, सोमवार

सकाळी मोठ्या बाई स्वतः आमच्या खोलीत आल्या. आमच्या संज्ञासंग्रहातली गुराढोरांच्या रोगांची फांदी नीट करायला एक पशुवैद्य मिळाल्या आहेत, तीस वर्षांची प्रॅक्टिस झालेल्या, बुधवारपासून येतील, म्हणाल्या. मी म्हटलं, बरं झालं. खरंच बरं वाटलं होतं, त्या फांदीने माझ्या डोक्याचं भुस्कट पाडलं आहे. दारापर्यंत जाऊन बाई वळल्या. "तुमच्या सख्ख्या बहीण आहेत म्हणे. कधी बोलला नाहीत."

मी हसले. दुसरं काय करणार?

दुपारी ताईचा मेसेज आला: "चिमे, कळलं का? आता तुझ्याच ऑफिसात." पुढे दोन हसरे चेहरे. लगेच फोन लावला, तर उचलला नाही. बॉम्ब टाकायचा आणि दार लावून घ्यायचं, ही तिची जुनी पद्धत.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "वा, घरचंच माणूस." आमच्या कामाला ऑन्टॉलॉजी म्हणतात हे याला अजून नीट कळलेलं नाही. त्याच्या कानाला ते ऑन्कॉलॉजी लागतं, आणि लोकांना सांगतो की बायको कॅन्सरमध्ये आहे. मी समजावून थकले. हा एक सामाईक संग्रह आहे. प्राण्यांचे अवयव, रोग, जंतू, सगळ्यांची नावं त्यात. प्रत्येकाला एक क्रमांक, एक व्याख्या आणि नाती: कोण कोणाचा प्रकार, कोण कोणाचा भाग, कोण कोणामुळे. सात प्रयोगशाळा आणि कितीतरी गुरांचे दवाखाने आपली सॉफ्टवेअर याच संग्रहावर चालवतात. एकाने ज्याला खूर म्हटलं त्याला दुसऱ्याच्या संगणकानेही खूरच समजावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. कोणाला नवी संज्ञा घालायची असो, दोन जुन्या एकत्र करायच्या असोत, बदल माझ्यापुढे येतो. मी तपासते, मंजूर करते. माझ्याशिवाय तिथे पान हलत नाही.

आणि आता ताई. शाळेत, कॉलेजात, नातेवाइकांच्या घरी, मी जिथे जाईन तिथे ती आधी जाऊन आलेली असायची. "तू तिची बहीण ना?" हे ऐकत मी मोठी झाले. या एका खोलीत मला कोणी तिची बहीण म्हणून ओळखत नव्हतं.

६ सप्टेंबर, बुधवार

आली. खादीचा झब्बा, पांढरे केस आखूड कापलेले, खांद्याला ती जुनी पिशवी. भावजी गेल्यापासून थोडी वाळली आहे, पण ताठा तोच.

तिच्यासाठी खिडकीजवळचं टेबल पुसून ठेवलं होतं. उजेड चांगला, वारा चांगला. तिने बघितलंसुद्धा नाही. मोठ्या बाईंना म्हणाली, "मला चिमेच्या समोर बसायचंय. अगदी समोर." लगेच फायलींचं कपाट हलवलं गेलं. ते हलवावं म्हणून मी वर्षभर अर्ज करत होते.

चिमे. सगळ्या ऑफिससमोर. पन्नाशी उलटलेल्या बाईला. संध्याकाळी मासेवाले सर जाताना म्हणाले, "येतो हां, चिमाताई." माशांचा गट सांभाळणारा हा माणूस चार वर्षांत माझ्याशी कधी असं बोलला नव्हता.

मी विचारलं तिला, चांगला चालता दवाखाना का विकलास? म्हणाली, "कंटाळा आला गं. स्टेथोस्कोपसुद्धा देऊन टाकला." पाय ठेवील तिथे यश, म्हणून कंटाळणं परवडतं माणसाला.

११ सप्टेंबर, सोमवार

चार दिवसांत सगळं ऑफिस तिच्या खिशात. आणि ती करते काय, तर काहीही नाही. ऐकते. समोरचा बोलायला लागला की हातातलं काम ठेवते, थोडी पुढे झुकते आणि त्याच्या तोंडाकडे असं बघते, जणू तिथून मोती सांडतायत. किडेबाईंनी तिला आज भुंग्यांच्या पंखांबद्दल पाऊण तास सांगितलं. किडेबाई आमच्या कीटकगटाच्या, त्यांना भुंग्यांवर बोलू द्यायचं नाही असा इथे अलिखित नियम आहे. ताई शेवटपर्यंत बघत राहिली. मासेवाले सर मला म्हणाले, "इतकं लक्ष देऊन माझं माझ्या बायकोनेही कधी ऐकलं नाही."

सगळे तिला ताई म्हणतात. हे मला सगळ्यात लागतं. ती माझी ताई आहे. मला ती आवडो न आवडो, तो शब्द माझा होता.

आणि माझ्याशी वागणं बघा. कपाटापाशी उभी राहून मी तिला हाक मारली, "ताई, ती शुक्रवारची फाइल कुठे ठेवलीस?" उत्तर नाही. पुन्हा मारली. पाठमोरी बसून टाइप करत राहिली, मान हलली नाही. मग आमच्या प्रोग्रामरने तिच्या कोपराला हात लावला, तर लगेच वळून गोड हसली. त्याला सगळे हेडफोन म्हणतात, कारण दोन मुलांचा बाप झाला तरी डोक्यावरचं ते यंत्र उतरत नाही. त्याच्याशी कोणाला काही बोलायचं तर शेजारी बसूनही मेसेज करावा लागतो. ताईचं आणि त्याचं मात्र मस्त जमलंय. दिवसभर एकमेकांना मेसेज करून खिदळत असतात.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

लेकीचा फोन. परगावी शिकते, आठवड्यातून एकदा मला दहा मिनिटं मिळतात. त्यातली सहा मावशीवर गेली. मावशीने असं सांगितलं, मावशीने तसं पाठवलं. "अगं, आम्ही रोज चॅट करतो. मावशी काय भन्नाट लिहिते."

मी म्हटलं, "मी फोन केला की तुझी मावशी उचलत नाही."

"तिला फोन आवडत नाही, आई. तू पण लिही ना."

मी का लिहू? आता पंधरा मिनिटांवर राहायला आली आहे. बहिणीशी बोलायला मला टाइप करावं लागणार असेल तर बोलणंच नको.

लिहिताना लक्षात येतंय की मी स्वतःच्या लेकीवरही जळते आहे. असो. वही माझी आहे.

२० सप्टेंबर, बुधवार

आज व्हायचं ते झालं.

दर बुधवारच्या मीटिंगचा गोषवारा मी लिहिते. माझी सवय अशी की कोणी काही म्हणालं की ते वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणत टाइप करायचं. मोठ्या बाई त्याला माझा प्रतिध्वनी म्हणतात, पण त्यामुळे कोणाचं म्हणणं चुकत नाही. ताई समोर बसून टक लावून माझ्याकडे बघत असते. आधी वाटायचं, चुका शोधते आहे. आज खात्री पटली.

कासदाहाची चर्चा चालली होती, म्हणजे गाईच्या कासेची सूज. ती मी सहा वर्षांपूर्वी जंतुसंसर्गाच्या पोटात घातली होती. ताई शांतपणे म्हणाली, "हे बरोबर नाही. नुसता मार लागूनही कास सुजते. लाथ बसते, तारेत अडकते. तिथे जंतू नसतो. हे एक पायरी वर न्यायला हवं."

बरोबर होतं. तिचं बरोबर असतं, हेच तर दुखणं आहे.

मोठ्या बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?" माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ते जास्त लागलं. आणि वर ताई म्हणते, "हिने पाया घातलाय म्हणून मला वरच्या विटा हलवता येतायत." सगळे कौतुकाने हसले. पाया. ज्याच्यावर लोक उभे राहतात आणि जो कोणाला दिसत नाही.

सगळे जेवायला गेल्यावर मी शिपायाला बोलावलं आणि माझं टेबल फिरवून घेतलं. आता माझं तोंड खिडकीकडे, पाठ ताईकडे. कोणी विचारलं तर सांगायला कारण तयार आहे: स्क्रीनवर उजेड येतो.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस शांत गेले. तिचं तोंड दिसत नाही हे केवढं सुख आहे.

आज सकाळी खुर्चीच्या मागे येऊन म्हणाली, "रागावलीस का माझ्यावर?"

मी स्क्रीनकडे बघतच म्हटलं, "नाही गं. उजेड येतो डोळ्यांवर."

"रागावलीस का, चिमे?"

एकदा सांगितलं ना. पुन्हा काय पाढे म्हणायचे? मी टाइप करत राहिले. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. खांद्यावर हात ठेवते की काय असं वाटलं. मग तिच्या चपलांचा आवाज लांब गेला.

२८ सप्टेंबर, गुरुवार

आज सातही प्रयोगशाळांची मिळून मीटिंग, स्क्रीनवरून. मेंढ्यांच्या गटाची लाइन खराब, म्हणून सगळ्यांनी चेहरे बंद ठेवले, नुसते आवाज. त्यात सतत खरखर. हेडफोनने काहीतरी खटपट केली, पडद्याखाली अक्षरं यायची सोय लावत होता बहुतेक, पण ती काही चालली नाही.

मी माझ्या जागेवरून, खिडकीकडे तोंड करून, गोषवारा घेत होते. आज मोठ्याने काही म्हटलं नाही. टेबल फिरवलं त्या बुधवारपासून मी प्रतिध्वनी बंद केला आहे. पाया बोलत नसतो.

मेंढ्यांच्या गटातला संगणकवाला म्हणाला, "संग्रहात दोन संज्ञा आहेत. खुरकूत आणि खूरकूज. लिहिण्यातला फरक दिसतो. दोन्ही एकच ना? एकत्र करून टाकू का?" तो प्राण्यांमधला नाही, त्याला काय ठाऊक. मी हातातलं टायपिंग थांबवलं. आता ताई त्याची खरडपट्टी काढणार, गोड शब्दांत, आणि सगळे पुन्हा हसणार.

खुर्ची करकरली म्हणून मी मान थोडी वळवली. ताई माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे, पडद्याकडे नाही. मी परत खिडकीकडे वळले.

"हो, हो," ती म्हणाली, "एकच ते. करा एकत्र."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग वाटलं, आता कोणीतरी बोलेल. मासेवाले सर मासे जाणतात, किडेबाई किडे. आणि ताईंनी सांगितल्यावर कोण बोलणार? पुढचा विषय निघाला.

संध्याकाळी तो बदल माझ्यापुढे मंजुरीसाठी आला. इथे स्पष्ट लिहिते. खुरकूत हा विषाणूचा रोग, गावच्या गाव पकडतो, एक जनावर सापडलं तरी सरकारला कळवावं लागतं, बाजार बंद होतात. खूरकूज म्हणजे ओल्या चिखलात उभं राहून मेंढ्यांचे खूर सडतात ते. औषध लावा, कोरड्यात बांधा, बरं होतं. हे मला माहीत आहे. मला हे कॉलेजात असल्यापासून माहीत आहे.

मी "मंजूर" दाबलं. शेऱ्यात लिहिलं, "तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार."

तिच्या हातूनही चुकतं, हे जगाला एकदा दिसू दे. एवढंच.

३ ऑक्टोबर, मंगळवार

शुक्रवारी नवी आवृत्ती सगळीकडे गेली. अजून कोणाचं काही आलेलं नाही. आजही मागे घेता येईल, दोन ओळींचं काम आहे. पण मग कारण लिहावं लागेल, आणि कारण लिहिलं की मोठ्या बाई विचारणार, आधी का नाही दिसलं.

उद्या बघू. ताईने आज डब्यातली फळं कापून माझ्या टेबलावर न बोलता ठेवली. मी खाल्ली. चवीला चांगली होती, त्याचा राग आला.

५ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी मेंढ्यांच्या बाजारात एका डॉक्टरने लंगडणाऱ्या पाच-सहा मेंढ्या तपासल्या आणि सॉफ्टवेअरमध्ये खूरकूज अशी नोंद केली. सॉफ्टवेअरने आमच्या संग्रहात पाहिलं. खूरकूज ही संज्ञा आता निवृत्त, तिच्या जागी खुरकूत वापरावी, असं तिथे लिहिलेलं. त्याने इमानदारीत खुरकूत समजून सगळ्या खात्यांना धोक्याचा इशारा पाठवला.

फाटक बंद झालं. कळप आत अडकले, गाड्या बाहेर रस्त्यावर उन्हात उभ्या. मग अफवा उठली की सगळी जनावरं मारणार आहेत. एका मेंढपाळाने घाबरून बाजाराचं कुंपण तोडलं आणि कळप हायवेवर काढला. ट्रकखाली मेंढ्या गेल्या. त्या माणसाचा पायही मोडला. हे सगळं मेंढ्यांच्या गटातल्या डॉक्टरने फोनवर सांगितलं. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी हेडफोनशेजारी बसून बदल उलटवला, खूरकूज परत जिवंत केली, तातडीची आवृत्ती पाठवली. त्याने कानावरचं यंत्र काढून मला पाणी दिलं. दुपारनंतर इशारा मागे घेतला गेला.

मला हे नको होतं. मला फक्त मीटिंगमध्ये कोणीतरी "ताई, हे चुकलं" म्हणायला हवं होतं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

मोठ्या बाईंनी सगळ्यांना बसवलं. ताई कोणी विचारायच्या आत उभी राहिली. "हो मी म्हटलं होतं. चूक माझी आहे."

"पण ताई, तुम्हाला फरक माहीत नव्हता असं कसं होईल?" बाईंनी विचारलं.

"माहीत होता. प्रश्न मला नीट कळला नाही. मी खूरसड आणि खूरकूज असं समजले. ती एकच. पुन्हा विचारायला हवं होतं, नाही विचारलं."

प्रश्न कळला नाही म्हणे. इतरांच्या भुंग्यांना पाऊण तास लक्ष देता येतं, आणि कामाच्या प्रश्नाला नाही.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "मंजुरी तुमची आहे. तुमच्या नजरेतून कसं सुटलं?"

हाच तो क्षण होता. मी म्हटलं, "ताई म्हणाली म्हटल्यावर मी वेगळं तपासलं नाही."

"साहजिक आहे," किडेबाई म्हणाल्या. मासेवाल्यांनीही मान हलवली. सगळे माझ्याशी चांगलं वागले. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती, नेहमीसारखी, एकटक. मग ती म्हणाली, "हिच्यावर काही येऊ देऊ नका. मी सोमवारपासून येत नाही."

पिशवीत चष्म्याचं घर टाकलं, सगळ्यांना हात केला आणि गेली. किडेबाई रडल्या.

म्हणजे मला हवं होतं ते सगळं मिळालं. टेबलही परत फिरवता येईल आता, समोर कोणी नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

आज खोलीत सुतक पडल्यासारखं होतं. हेडफोन चहा घेऊन माझ्याजवळ बसला. त्याला बोलताना मी इतक्या वर्षांत फारसं ऐकलेलं नाही. म्हणाला, "मॅडम, अक्षरांची सोय त्या दिवशी चालायला हवी होती. लाइन खराब होती, माझ्याच्याने झालं नाही. मला झोप येत नाहीये."

"कसली अक्षरं?"

"पडद्याखालची. ताईंसाठी." तो माझ्याकडे बघत राहिला. "त्यांना ऐकू येत नाही ना. एका कानाने काहीच नाही, दुसऱ्याने अगदी थोडं. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

मी म्हटलं, "हो, म्हणजे..."

"आधी अक्षरं लागायची नाहीत. तुम्ही समोर बसून प्रत्येकाचं बोलणं पुन्हा म्हणायच्या ना, त्यावरून त्या सगळं घ्यायच्या. मला लिहिलं होतं त्यांनी, बाकीच्यांचे ओठ अंदाजाने वाचते, चिमेचे लहानपणापासून पाठ आहेत. मग तुमचं टेबल फिरलं. उजेडामुळे."

तो चहाचे कप घेऊन गेला. मी स्क्रीनकडे बघत बसले. भुंगे, कपाट, फोन, खुर्चीमागे उभं राहून तोच प्रश्न दोनदा विचारणं. एकेक आठवत गेलं, आणि प्रत्येक वेळी मी काय समजले तेही.

आणि त्यातही एक कळ आली, ती लपवत नाही. माझ्या बहिणीचे कान गेले, हे त्याला आधी कळलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस धीर झाला नाही. आज सुट्टी टाकून गेले. बेल दोनदा वाजवली, मग शहाणपण सुचलं आणि मेसेज केला, "दारात आहे." लगेच दार उघडलं.

घर अजून अर्धं खोक्यात. एकच खुर्ची मोकळी होती, ती मला दिली आणि स्वतः खोक्यावर बसली, अगदी समोर.

"कळलं ना तुला," ती म्हणाली. "हेडफोनने लिहिलंय मला. सारखी माफी मागतोय बिचारा."

"मला का नाही सांगितलंस? कधीपासून?"

"चार वर्षं होतील. हे होते तोवर निभावलं, जनावराचा मालक काय म्हणतोय ते हेच सांगायचे. मग एकटी पडले. एक दिवस घोड्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि काहीच नाही. घोडा मेलाय की काय, असं वाटलं. तो माझ्याकडे बघत उभा होता." ती हसली. मी नाही हसले.

"पण मला, ताई. मला सांगायचं."

तिने थोडा विचार केला. "तू लोकांना सांगशील याची भीती नव्हती. तुला आनंद होईल, याची होती."

नाही होणार, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती उठून चहा घेऊन आली. मी कपात चमचा फिरवत राहिले. मग मान खाली घालून म्हटलं, चहालाच सांगावं तसं, की मला त्या दिवशीच दिसलं होतं. मी जाणूनबुजून मंजूर केलं.

"काय?" ताई म्हणाली.

तिचा दोष नव्हता. मी पुटपुटले होते आणि तोंड कपात होतं. मी कप खाली ठेवला. मान वर केली. सरळ तिच्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "चूक मला दिसली होती. मुद्दाम जाऊ दिली. तुझी फजिती व्हावी म्हणून. त्या माणसाचा पाय माझ्यामुळे मोडला."

दुसऱ्यांदा सांगणं किती वेगळं असतं. पहिल्यांदा आपण ओझं टाकतो. दुसऱ्यांदा ते काय आहे ते दिसतं.

ताई उठली. कप घेऊन आत गेली, नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा हात पुसत होती, डोळे लाल होते.

"तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "पुन्हा म्हणतेस का, ते बघत होते."

मला वाटलं ती आता ये म्हणेल, किंवा जा म्हणेल. ती खोक्यावर बसली आणि म्हणाली, "लहानपणी तुझी बाहुली मी जिन्यावरून टाकली होती, ते तू कोणाला सांगितलं नाहीस, माझ्याशी आठवडाभर बोलली मात्र नाहीस. मला वाटलं होतं, या वेळीही तेवढंच करशील. हे जास्त झालं, चिमे."

"हो."

"आता मोठ्या बाईंना सांग. तिथे एकदा सांगितलंस तरी चालेल. त्यांचे कान चांगले आहेत."

१७ ऑक्टोबर, मंगळवार

शुक्रवारीच सांगितलं. बाईंनी खिडकी बंद केली, मग दार. नोकरी राहिली, मंजुरीचा अधिकार गेला. यापुढे कुठलाही बदल दोघांनी तपासल्याशिवाय आत जाणार नाही, आणि त्या दोघांत मी नाही. मेंढपाळाला मी भेटायला जाते म्हटलं, तर बाई म्हणाल्या, जा, पण कचेरीच्या वतीने नको, स्वतः जा. रविवारी गेले. त्याच्या बायकोने मला आत घेतलं नाही. उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव चुकलं म्हणून एवढं होतं होय?" मी हो म्हटलं. नाव चुकलं नव्हतं, हे तिला कसं सांगू? पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.

खोलीत कोणी माझ्याशी वाईट वागत नाही. कोणी फार चांगलंही वागत नाही. किडेबाईंनी भुंग्यांबद्दल मला काही सांगायचं सोडलं आहे.

३० ऑक्टोबर, सोमवार

ताई परत आली. सगळ्यांनी मिळून आणली, मी फक्त मेसेज केला होता, "ये." कानात यंत्र बसवलंय, छोटंसं, केसांत लपतं. म्हणते, जग फार कर्कश आहे, इतकी वर्षं मजेत होते. मीटिंगमध्ये ते काढून ठेवते आणि माझ्या ओठांकडे बघत बसते, मी सगळ्यांचं बोलणं पुन्हा म्हणते.

माझ्या बदलांना आता तिची मंजुरी लागते. तिची आणि हेडफोनची. आज मी शेळ्यांच्या फुप्फुसाच्या रोगाची व्याख्या लिहून पाठवली. दोन दिवस खपले होते तिच्यावर. पाच मिनिटांत परत आली. शेरा: "छान आहे. शेवटचं वाक्य काढ, उगाच आहे."

अंगाचा तिळपापड झाला. वाक्य वाचलं. उगाचच होतं. काढलं. यंत्र तिच्या टेबलावर डबीत पडलेलं होतं, ते बघून मी तोंड अजिबात न उघडता, मनातल्या मनात, आईने ऐकली असती तर थोबाडीत दिली असती अशी एक शिवी दिली.

ताईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ऐकलं मी," ती म्हणाली.